जिप्सीच्या हेडमध्ये कुठला कॅम बसलाय?

इंजिनाचं विचारा : वाचकांचे प्रश्न, साताऱ्याच्या वर्कशॉपमधून उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून मी २००५ ची जिप्सी किंग घेतली. पेट्रोल, एमपीएफआय (कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो ते), १६ व्हॉल्व्हचं इंजिन. गाडी देताना ते एवढंच म्हणाले होते, "इंजिनाचं थोडं काम केलंय, पळायला भारी आहे." मीही तेव्हा खोदून विचारलं नाही. आता रोज वापरायला लागलो तर गाडी उभी असताना सारखी थरथरते. आयडलिंग ११००-१२०० वर ठेवलंय, त्याच्या खाली आणलं की बंद पडते. मागे उभं राहिलं की पेट्रोलचा वास येतो. कोल्हापूर नाक्यावरच्या गर्दीत दुसऱ्या गिअरला ओढत नाही, पहिला टाकावाच लागतो. पण हायवेला काटा ३५०० च्या पुढे गेला की अशी सुटते की विचारू नका. पीयूसीवाल्यानं एचसी जास्त येतंय म्हणून परत पाठवलं. गेल्या रविवारी कासहून यवतेश्वरच्या घाटानं उतरताना गर्दीत दोन-तीनदा ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक लागलं. बायको आणि लहान मुलगी सोबत होत्या, त्यामुळे घाबरलो. एक फिटर म्हणतो, "कॅम बदललाय, आवाजावरनंच कळतंय." दुसरा म्हणतो, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात, बोअर करून घ्या." नक्की कुणाचं खरं मानू? सगळं इंजिन उतरवावं लागेल का? आणि कॅम बदललेला निघालाच तर ठेवू की काढू?
– एक वाचक, कराड

उत्तर : कॅमचं नंतर बघू, आधी ब्रेकचं. हे वाचून झाल्यावर गाडीजवळ जा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबा, म्हणजे बूस्टरमधला, पेडल हलकं करणाऱ्या डब्यातला, साठलेला व्हॅक्यूम संपेल. मग पाय पेडलवर दाबून ठेवा आणि स्टार्टर मारा. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली थोडं आत गेलं पाहिजे. गेलं नाही, किंवा अगदी नाममात्र गेलं, तर बूस्टरला इंजिनाकडून पुरेसा व्हॅक्यूम मिळत नाही. मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणाऱ्या नळ्यांपासून, बूस्टरपर्यंत जाणारी रबरी नळी चिरली आहे का आणि तिच्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह धरतो का, हे पहिल्यांदा बघून घ्या. हे नक्की होईपर्यंत घरच्यांना घेऊन घाट उतरू नका. घाटात गाडी गिअरमध्ये असते, एक्सलेटर सोडलेला असतो, तोवर व्हॅक्यूम चांगला मिळतो. गर्दीत क्लच दाबून, आयडलिंगवर, थांबत-सरकत चार वेळा ब्रेक मारला की साठा संपतो, आणि कमी व्हॅक्यूमचं इंजिन तो तेवढ्या लवकर भरून देत नाही. तुमचं पेडल गर्दीतच कडक झालं, यावरूनच मला कॅमचा पहिला संशय आला.

आता कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा फिरता दांडा. तुमच्या भागात उसाला दारं धरणारा कुणीही माणूस हे चटकन समजेल. पाटाला पाणी जोरात असेल तर वाफा भरत आला तरी दार बंद करायला जरा उशीर चालतो. पाणी आपल्या वेगानं आत घुसत राहतं आणि चार घागरी जास्तच मिळतात. तेच पाणी मंद असेल आणि तुम्ही दार उघडं ठेवून बसलात, तर भरलेल्या वाफ्यातलं पाणी उलटं पाटात येतं. इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हे दार, आणि ते कधी उघडायचं, किती उघडायचं, कधी मिटायचं हे कॅमच्या उंचवट्याचा, म्हणजे लोबचा, आकार ठरवतो. ८०० आरपीएमला एका सक्शन स्ट्रोकला जवळपास ३७ मिलिसेकंद मिळतात, ६००० ला फक्त ५. त्या ५ मिलिसेकंदांत सिलिंडर भरायचा तर दार लवकर उघडून उशिरा मिटावं लागतं. रेसिंगचा कॅम तेच करतो. पण हेच उशिरा मिटणारं दार ८०० ला भरलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतं. शिवाय एक्झॉस्ट मिटायच्या आत इनलेट उघडत असल्यानं काही क्षण दोन्ही दारं एकदम उघडी राहतात. त्याला ओव्हरलॅप म्हणतात. त्या वेळात जळलेला वायू इनलेटकडे शिरतो आणि ताजं मिश्रण न जळता सायलेन्सरकडे निघून जातं.

तुमच्या पत्रातली जवळजवळ सगळी लक्षणं इथून निघतात. थरथर त्यातूनच, खालच्या आरपीएमला ओढ नसणंही त्यातूनच. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, ते ओव्हरलॅपमधून निसटतं. वासामागे अजून एक कारण आहे. या इंजिनाचा कॉम्प्युटर मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवतो. व्हॅक्यूम कमी दिसला की त्याला वाटतं इंजिनावर लोड आलाय, आणि तो पेट्रोल वाढवतो. प्लग काढून बघा, काळे मिळतील.

तरीही मी पहिल्या फिटरच्या बाजूनं उभा राहणार नाही. आवाजावरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये. इनलेट मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा ओढत असेल, एखादा व्हॉल्व्ह जळला असेल, टायमिंग बेल्ट एक दाता सरकला असेल, इंजिनाचे माउंटिंग बसले असतील, तरी गाडी अशीच थरथरते. ऐकताना फरक एवढाच जाणवतो की कॅमची थरथर ठरावीक ठेक्यात येते आणि २००० च्या वर रेस दिली की साफ निघून जाते. प्लगचं मिसिंग असेल तर ते बेताल असतं, आणि लोडवर वाढतं.

व्हॅक्यूम गेज लावा. महाग वस्तू नाही, चांगल्या गॅरेजमध्ये असतेच. इंजिन गरम झाल्यावर थ्रॉटलच्या पुढच्या, मॅनिफोल्डच्या बाजूच्या एखाद्या नळीत टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून जोडायचं आणि आयडलिंगला काटा बघायचा. पुस्तकात लिहिलेलं असतं की धडधाकट इंजिनाला १७ ते २१ इंच पारा. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. दर हजार फूट चढलं की साधारण एक इंच कमी होतो. सातारा २३००-२४०० फुटांवर, म्हणजे आमच्याकडे १५ ते १९ इंच ही चांगल्या तब्येतीची खूण. तीच गाडी कासच्या पठारावर नेऊन मोजली तर पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जवळपास चार इंच कमी दिसतील आणि इंजिनात काहीही बिघडलेलं नसेल. मुंबईचा आकडा मनात धरून साताऱ्यात इंजिन खोललेलं मी पाहिलंय, म्हणून हे सविस्तर सांगतोय.

काटा कसा वागतो तेही बघा. खाली, पण एका जागी थोडासा थरथरत असेल तर कॅम किंवा कॅमचं टायमिंग. ठरावीक वेळानं एकदम झटका खाऊन खाली येत असेल तर एकच व्हॉल्व्ह गळतोय. हवा ओढत असेल तर मॅनिफोल्डच्या सांध्यांवर हळूहळू साबणाचं पाणी सोडून बघा, इंजिनाचा आवाज बदलतो.

आता दुसऱ्या फिटरचं, रिंगांचं. त्यांनी बहुधा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, मोजलं असेल आणि चारही सिलिंडरला कमी मिळालं असेल. त्यांना मी नावं ठेवणार नाही, कारण हीच चूक माझ्या हातून झालेली आहे. २००९-१० ची गोष्ट. कोरेगावच्या एका शिक्षकांनी जुनी एस्टीम घेतली होती. तीन गॅरेजांत प्लग, वायर, कॉइल, आयडलिंगचा व्हॉल्व्ह, सगळं बदलून झालं, थरथर तशीच. माझ्याकडे आली तेव्हा मी कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलिंडर सारखेच, आणि सारखेच कमी. मी म्हणालो, सर, रिंगा. इंजिन उतरवलं, बोअर मोजला तर तो चांगला होता. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी तरीही नव्या रिंगा घातल्या, इंजिन जोडलं, आणि पुन्हा मोजलं तर आकडा तोच. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी टॅपेट कव्हर, म्हणजे कॅमवरचं झाकण, काढून शांतपणे बघितलं आणि पाच मिनिटांत उत्तर समोर होतं. कॅम मूळचा नव्हता. इनलेट उशिरा मिटत असल्यामुळे स्टार्टरच्या वेगाला अर्धी हवा बाहेर जात होती, आणि मी रिंगांना दोष देत होतो. सरांचे रिंगांचे आणि मजुरीचे पैसे मी परत केले. पण त्यांची गाडी तीन आठवडे माझ्याकडे अडकली, त्याची भरपाई करता आली नाही.

त्या दिवसापासून लीकडाउन केल्याशिवाय मी रिंगांना हात लावत नाही. यात पिस्टन अगदी वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला, आणतात, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडून किती टक्के गळते ते मोजतात. इंजिन फिरत नसल्यामुळे कॅमचा यात काही संबंधच येत नाही. कॉम्प्रेशन चारही ठिकाणी सारखं कमी आणि लीकडाउन मात्र चांगलं, असा जोड मिळाला की रिंगा निर्दोष. मग बेल्टच्या खुणा तपासायच्या, आणि त्या जुळत असतील तर कॅम. कॉम्प्रेशन मोजताना एक्सलेटर पूर्ण दाबलेला हवा. तो विसरला तरी आकडे खोटे येतात.

बेल्टच्या खुणा तपासायला वेळ लागत नाही, पण त्या न बघता पुढे जाऊ नका. एक दाता चुकलेल्या मूळ कॅमवर "रेसिंग कॅम" असा शिक्का बसलेला मी दोनदा पाहिलाय.

आता कव्हर काढू. तुमच्या इंजिनात कॅम हेडवरच आहे, त्यामुळे इंजिन उतरवायचं काम नाही. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. कव्हरच्या भोवतीची धूळ आधी फुंकून, पुसून घ्या, जिप्सीवर ती असतेच, आणि एक खडा आत पडला तर कॅमच्या बेअरिंगचं वाटोळं होतं. चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरेल. फिरवायचं ते क्रँकच्या बोल्टवर पाना लावून, इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं. कॅमच्या पुलीला पाना लावून फिरवू नका, बेल्टवर उलटा ताण येतो. आणि कॅमचे बोल्ट सोडायला जाऊ नका. बघण्यापुरतं काहीच सोडावं लागत नाही.

वेस्टनं तेल पुसा, टॉर्च तिरका धरा आणि दोन लोबांच्या मधला दांडा बघा. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत कॅम ओतीव लोखंडाचा आहे. आपल्याकडे हे काम किती मोठं चालतं ते फार जणांना ठाऊक नाही. सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ साली सुरू झालेली कंपनी जगभरच्या मोटार कारखान्यांना कॅम पुरवते. ओतताना लोबच्या जागी धातू झटकन थंड करतात, म्हणून लोबचा पृष्ठभाग काचेसारखा टणक होतो आणि मधला दांडा तसाच खडबडीत राहतो. हात फिरवला तर वाळूच्या साच्याची खरखर लागते, साच्याचे दोन भाग जुळल्याची बारीक उभी रेघ दिसते, आणि कंपनीची अक्षरं ओतकामातच वर आलेली असतात. याउलट पोलादी दांड्यातून कापून काढलेल्या कॅमचा मधला भाग गुळगुळीत, चकचकीत असतो. त्यावर लेथच्या हत्याराच्या बारीक गोल रेघा टॉर्चच्या उजेडात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चमकतात, आणि अक्षरं असतील तर ती कोरलेली किंवा ठोकलेली, बहुतेक टोकाच्या तोंडावर. सरांच्या एस्टीममध्ये मला त्याच रेघा दिसल्या होत्या. तुमच्या जिप्सीत त्या दिसल्या तर प्रश्न मिटला. नव्या काळातल्या काही गाड्यांत मात्र पोकळ नळीवर लोब बसवलेले कॅम कारखान्यातूनच येतात आणि तेही गुळगुळीत असतात, हे दुसरी गाडी तपासताना ध्यानात ठेवा.

खरी अडचण येते ती मूळ कॅमच पुन्हा ग्राइंड करून घेतलेला असला तर. आपल्याकडे बहुतेक वेळा हेच असतं, कारण स्वस्त पडतं. मधला दांडा खडबडीत, अक्षरं कंपनीची, आणि वरवर बघणारा माणूस म्हणतो, "ओरिजिनल आहे." यात धातू वाढवता येत नाही, म्हणून लोबचा गोल तळ घासून लहान करतात. टोकाची उंची तेवढीच राहिली तरी तळ आत गेल्यामुळे उचल वाढते. याची खूण रॉकरवर, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या तरफेवर, सापडते. तुमच्या इंजिनात टॅपेट सेट करायला रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि लॉकनट आहे. कॅमचा तळ लहान झाला की रॉकरचं कॅमकडचं टोक खाली बसतं, व्हॉल्व्हकडचं वर उचललं जातं, आणि गॅप बरोबर ठेवायला स्क्रू जास्त आत फिरवावा लागतो. त्यामुळे लॉकनटच्या वर स्क्रूचे आटे नेहमीपेक्षा कमी दिसतात. सगळ्याच रॉकरांवर ते सारखे कमी असतील तर तळ घासलेला आहे असं समजायला हरकत नाही. व्हॉल्व्हची सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसला असेल तर नेमकं उलटं होतं. व्हॉल्व्हचं टोक वर येतं, स्क्रू बाहेर काढावा लागतो आणि आटे जास्त दिसतात. ही एक गोष्ट नीट पाहणारा फिटर तुम्हाला मिळाला तर त्याचा हात सोडू नका.

संशय पक्का झाला तरी शेवटचा शब्द मोजमापाचा. मॅग्नेटिक बेसवर डायल गेज उभा करा आणि त्याची सुई व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरच्या टोपीवर, व्हॉल्व्हच्याच कोनात टेकवा. इंजिन हातानं फिरवा, सुई जास्तीत जास्त किती गेली ती व्हॉल्व्हची उचल. रस्त्यावरच्या साध्या लहान इंजिनात ती साधारण ७ ते ९ मिलिमीटर असते. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, आणि तुलना त्याच्याशीच करा.

उचलीपेक्षा जास्त सांगतो तो कालावधी, म्हणजे ड्युरेशन. क्रँकच्या पुलीवर ३६० अंशांची चकती बसवायची, खरा टीडीसी पकडायचा, आणि व्हॉल्व्ह १ मिलिमीटर उचलला तेव्हाचा आणि परत १ मिलिमीटरवर आला तेव्हाचा अंश लिहून घ्यायचा. समजा इनलेट टीडीसीच्या ५ अंश आधी उघडला आणि खालच्या टोकाच्या, बीडीसीच्या, ३५ अंश नंतर मिटला, तर ५ अधिक १८० अधिक ३५, म्हणजे २२० अंश. हा साध्या कॅमच्या घरातला आकडा आहे. तेच २० आधी आणि ६० नंतर आलं तर २६०, आणि १ मिलिमीटरला २६० अंश देणारा कॅम रोजच्या गाडीसाठी सहसा कुणी बनवत नाही.

इथे बरेच जण फसतात. विकणारा सांगतो, "२७२ चा कॅम आहे." २७२ कुठल्या उचलीला, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. जाहिरातीतला आकडा व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजतात, जपानी-युरोपी पद्धतीत बरेचदा १ मिलिमीटरला, अमेरिकी पद्धतीत ०.०५० इंचाला, म्हणजे १.२७ मिलिमीटरला. एकाच कॅमचे या तीन पद्धतींनी तीन वेगळे आकडे निघतात. पुण्याच्या त्या गृहस्थांना फोन करा आणि भांडणाच्या सुरात न जाता विचारा की कॅमबरोबर कार्ड मिळालं होतं का. चांगल्या बनावटीच्या कॅमसोबत उचल, ड्युरेशन, टॅपेटची गॅप लिहिलेलं एक कार्ड येतं. ते मिळालं तर तुमचं अर्धं काम वाचेल, कारण गॅप कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवायची की कार्डप्रमाणे, हे त्यावरूनच ठरतं.

कव्हर उघडं आहे तोवर स्प्रिंगही बघून घ्या. आत दुसरी स्प्रिंग घातली असेल, किंवा कॅमच्या पुलीला लांबट खाचा आणि अंशांच्या रेघा असतील, म्हणजे ती पुढे-मागे सरकवता येणारी असेल, तर कुणीतरी मन लावून काम केलंय. एवढ्यावरून कॅम बदललाच असं मात्र सिद्ध होत नाही. नवं कव्हर गॅस्केट आधी आणून ठेवा, जुनं परत बसवलं की तेल गळतं.

ठेवू की काढू? तुम्ही रोज कराडच्या गर्दीत चालवता आणि सोबत लहान मुलगी असते. मी काढायला सांगेन. मूळ कॅम, मूळ स्प्रिंगा, आणि कॉम्प्युटरमध्ये काही फेरफार केलाय का ते तपासून तोही मूळ. १२९८ सीसीचं ८० बीएचपी देणारं हे इंजिन आहे तसं फार गुणी आहे. सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी, कुठल्याही चढाला त्याला रेसिंग कॅमची गरज नाही. चढाला खालच्या आरपीएमची ओढ लागते, आणि रेसिंग कॅम नेमकी तीच काढून घेतो. पीयूसीही मग सुटेल, आणि १५ वर्षं उलटलेल्या गाडीचं आरटीओत पासिंग करताना ते लागतंच. काढलेला कॅम तेल लावून, कागदात गुंडाळून जपून ठेवा. स्पर्धेत उतरणारा कुणी भेटला तर त्याला त्याची किंमत असते.

व्हॅक्यूमचा काटा आणि लॉकनटवरच्या आट्यांचा फोटो पाठवलात तर पुढच्या अंकाची वाट न बघता उत्तर देईन.

प्रश्न : आमच्याकडे डिझेल बोलेरो आहे. तिला असा कॅम घातला तर खंबाटकीला पिकअप वाढेल का?
– एक वाचक, वडूज

उत्तर : नाही. डिझेल इंजिन ४००० च्या आसपास संपतं, त्यामुळे उशिरा मिटणाऱ्या दाराचा फायदा मिळायची वेळच येत नाही. कॉम्प्रेशन जास्त ठेवायचं म्हणून टीडीसीला पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातली जागाही अगदी थोडी असते. उचल वाढवली तर दोघांची गाठ पडेल. तुमचं एअर फिल्टर, टर्बोच्या नळ्या आणि नोझल तपासून घ्या, खंबाटकीचं उत्तर तिथे आहे.

प्रश्न : सर, मी सांगलीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी बाबांच्या मित्रांनी त्यांची जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक दिलीय. टॅपेट कव्हर काढलं तर प्रत्येक सिलिंडरला इनलेटचे दोनऐवजी तीन लोब दिसले, आणि मधला बाकी दोघांपेक्षा बराच मोठा. वर्गातली मुलं म्हणतात, कुणीतरी रेसिंग कॅम टाकलाय. मला तसं वाटत नाही, पण पटवून कसं देऊ?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुझं बरोबर आहे. आणि दुसऱ्याच्या सांगण्यावर न जाता तू स्वतः कव्हर काढून लोब मोजलेस, याचा मला फार आनंद झाला. माझी उमेदवारी सांगलीतच, माधवनगर रस्त्यावरच्या एका लेथवर झाली. तिथे माझ्या उस्तादांनी शिकवलेलं पहिलं वाक्य होतं, "आधी मोज, मग बोल."

तू पाहिलास तो होंडाचा स्वतःचा कॅम आहे. व्हीटेक नावाची ही युक्ती त्यांनी १९८९ मध्ये जपानमधल्या इंटेग्रात पहिल्यांदा आणली, आपल्याकडच्या १०६ बीएचपीच्या सिटीत आली ती तिचीच धाकटी बहीण. वरच्या उत्तरात मी कराडच्या वाचकांना पाटाच्या दाराचं उदाहरण दिलंय ते वाच. मंद पाण्याला एक दार आणि जोराच्या पाण्याला दुसरं, अशी दोन्ही एकाच इंजिनात बसवायची, हा त्यामागचा विचार. खालच्या आरपीएमला दोन्ही इनलेट व्हॉल्व्ह बाजूच्या लहान लोबांवर चालतात. मधला मोठा लोब त्याच्या रॉकरला हलवत असतो, पण तो रॉकर कुठल्याच व्हॉल्व्हला जोडलेला नसतो, नुसता स्प्रिंगवर वरखाली होतो. आरपीएम वाढले की कॉम्प्युटर तेलाचा दाब सोडतो, तिन्ही रॉकरांच्या आतल्या पिना सरकतात, तिघे एकत्र अडकतात आणि मग मोठा लोब सगळ्यांना घेऊन चालतो. तेव्हा आवाज बदलतो तो याचमुळे. म्हणून या गाडीचं आयडलिंग तुला गुळगुळीत मिळेल. बाजारातून आणलेला, सदैव मोठ्या लोबवर चालणारा कॅम असता तर ते मिळालं नसतं. अलीकडच्या व्हीव्हीटीच्या, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या, गाड्यांत लोब एकच असतो, पण कॅमची पुली तेलाच्या दाबानं आगेमागे फिरते. ती जाडजूड पुली बघूनही लोक "बदललेली आहे" म्हणतात, तेही चूकच.

अर्थात होंडाचा कॅमसुद्धा कुणी ग्राइंड करून घेतलेला असू शकतो. म्हणून लोबांची उंची मॅन्युअलशी जुळवून प्रोजेक्टमध्ये लिही, परीक्षकांना ते तक्ते नक्की आवडतील.

मुलांना पटवायला हे करून दाखव. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आण, म्हणजे त्याचे सगळे लोब रॉकरपासून सुटे होतील. मग मधला इनलेट रॉकर बोटानं दाब. तो बाजूच्या दोघांना न हलवता एकटाच खाली-वर व्हायला हवा. चारही सिलिंडरला असंच करून बघ. एखाद्या ठिकाणी तो शेजाऱ्याला बरोबर घेऊन हलला, तर तिथली पिन अडकलेली आहे. रॉकर खोलायच्या आधी तेल कधी बदललंय ते त्या काकांना विचार.